तीन पेट्या विणकामाच्या

पत्र

सप्रेम नमस्कार ताई,

मी पारोळा तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. वय ६३. आमचं जुनं धाब्याचं घर यंदा पावसाळ्याच्या आत रिकामं करायचंय. मुलगा-सून जळगावला असतात, आता आम्हीही तिकडेच जाणार. फ्लॅट दोन खोल्यांचा, माळा नाही. माझ्याकडे विणकाम, भरतकाम, शिवणकामाच्या मासिकांच्या तीन पत्र्याच्या पेट्या आहेत. साधारण १९७६ ते २००४पर्यंतची. मराठी मासिकांचे विणकाम विशेषांक, हिंदीतले बुनाईचे अंक आणि मावसबहिणीनं जर्मनीहून आणलेले दहा-बारा ‘बुर्दा’चे अंक. आता डोळ्यांना क्रोशा झेपत नाही. मुलगा म्हणतो, सगळं मोबाइलवर मिळतं, रद्दीत देऊन टाक. सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत, त्या म्हणतात, “हाई काय रद्दी भरी ठेयेल शे वं माय?” सून म्हणते, तुम्हीच ठरवा. मी दोनदा पेटी उघडली आणि दोनदा सगळं होतं तसं भरून ठेवलं. परवा रद्दीवाला बोलावला, त्याला चहा पाजला आणि वर्तमानपत्रं देऊन परत पाठवलं. काय करू? एका अंकात १९८६ साली माझी लेसची नक्षी छापून आली होती. तो अंक कुठल्या पेटीत आहे तेही आता आठवत नाही.

— एक वाचक

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र होळीच्या आदल्या दिवशी हातात पडलं. रद्दीवाल्याला चहा पाजून परत पाठवलंत हे वाचून हसू आलं, कारण मीही तेच केलंय. आमच्या अमळनेरला २०२४च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन भरलं, तेव्हा घरी पाहुणे उतरणार म्हणून मला माझा माळा रिकामा करावा लागला. तीस वर्षं शाळेत शिवण आणि कार्यानुभव शिकवलं, त्यामुळे माझा साठा तुमच्यापेक्षा कमी नव्हता. काही बरं केलं, काही चुकलं. दोन्ही सांगते.

सगळ्यात आधी एक स्पष्ट बोलते. मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. टोपी, मोजे, साधा स्वेटर, ग्रॅनी स्क्वेअर हे सगळं मोबाइलवर मिळतं, आणि हात हलताना दिसतो म्हणून शिकणारीला ते छापील पानापेक्षा सोपंही जातं. तेव्हा तिन्ही पेट्या मोलाच्या आहेत असं मी म्हणणार नाही. बहुतेक कागद जाणार आहे, हे मनाशी आधीच धरून बसा. पण मोबाइलवर जे नाही तेही त्या पेट्यांत आहे. ते म्हणजे तुम्ही त्या पानांवर जे करून ठेवलंय ते.

ते शोधायची युक्ती सांगते. पहिल्या पानापासून चाळायला बसू नका. तसं बसलात की १९८१च्या दिवाळी फराळाचं पान लागतं, मग एक कथा लागते, मग एक जाहिरात, आणि दुपार संपते. तुम्ही दोनदा पेटी परत भरलीत ती यामुळेच, मला खात्री आहे. त्याऐवजी अंक मांडीवर कण्यावर उभा धरा आणि दोन्ही हात सोडून द्या. तो आपसूक उघडेल, आणि जिथं सगळ्यात जास्त वेळा उघडला गेलाय तिथंच उघडेल. ते पान तुमचं. त्यावर चहाचा गोल डाग असेल, तेलाचं बोट असेल, ओळी मोजताना पेन्सिलीनं मारलेल्या काड्या असतील, चार उभ्या आणि पाचवी आडवी. माझ्या एका अंकात तर खूण म्हणून घातलेला गुलाबी लोकरीचा तुकडा निघाला. धाकट्या नणंदेच्या पहिल्या बाळंतविड्याची ती लोकर. स्वेटर कधीच आखूड झाला, नणंदेला नातवंडं आली, तुकडा मात्र होता तिथंच.

जो अंक कुठंच उघडत नाही, सरळ मिटून पडतो, त्याला तुम्ही कधी हात लावलेला नाही. तो बिनधास्त ‘जाणाऱ्या’ ढिगात टाका. एका बैठकीला वीस अंक, त्याहून जास्त नको. ओसरीत बसा, सकाळच्या उजेडात, आणि नाकाला रुमाल बांधा.

एक सावधगिरी. तुमचं घर धाब्याचं, म्हणजे माती आणि लाकूड. पेटी भिंतीला टेकून ठेवली असेल तर तळाला वाळवीची मातकट रेघ आहे का ते आधी बघा. असली तर ती पेटी जळगावच्या फ्लॅटमध्ये अजिबात नेऊ नका, आणि त्यातले अंक कुणाला देऊही नका. भुरकट चंदेरी कसर दिसली तर अंक अंगणात सावलीत उघडून झटका. थेट उन्हात घालू नका, मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन एका दिवसात रंग उडवतं आणि कागद पापडासारखा होतो. डांबराच्या गोळ्यांपेक्षा वेखंडाची पूड किंवा अगदी वाळलेला कडुनिंबाचा पाला बरा, विशेषतः फ्लॅटमध्ये लहान मूल असेल तर.

आता ती ‘तुमची’ पानं. पान फाडू नका. मधली तारेची पिन बोथट सुरीच्या टोकानं उघडा, पान अलगद सुटतं. पिना गंजलेल्या असतील, त्या लगेच टाकून द्या, गंज कागद खातो. पान सोडवलं की त्याच्या कडेला पेन्सिलीनं मासिकाचं नाव, महिना, साल लिहा. शाई नको, ती पसरते. आणि एक गोष्ट विसरू नका. आपल्या मासिकांची खोड तुम्हाला माहीत आहे, ‘उरलेला भाग पान ७४वर’. नक्षी इथं आणि बाह्यांची कृती तिकडे, उखाण्यांच्या खाली. मी पहिल्या झपाट्यात पंचवीस पानं काढली, बाकीचे अंक देऊन टाकले, आणि आठ दिवसांनी कळलं की त्यातल्या सहा स्वेटरांना गळाच नाही.

सुटी पानं पारदर्शक पाकिटांच्या फाइलमध्ये घाला. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, पाच-सात वर्षांत ती पिवळी पडून चिकट डाग सोडते. लॅमिनेशनही नको. एक जाड फाइल, फार तर दोन. पुस्तकांच्या फळीवर दोन फायली राहतात, पेटी राहत नाही. सुनेचाही चेहरा खुलेल.

बाकी जे हवंसं वाटतं पण ठेवण्याइतकं नाही, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फ्लॅश बंद करून, कारण गुळगुळीत कागदावर फ्लॅशचा पांढरा चट्टा पडतो आणि नेमकी त्याखालची घरं मोजता येत नाहीत. फोटो काढला की तिथंच मोठा करून बघा, चौकटीतली घरं मोजता येतायत का. येत नसतील तर त्या फोटोचा उपयोग शून्य. मात्र अख्ख्या अंकांची पीडीएफ करून महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा मोह झाला तर आवरा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. १९७६चा अंक आपल्या लेखी जुना, कायद्याच्या लेखी नाही. स्वतःपुरता फोटो ठेवायला काही हरकत नाही, आणि छापील अंक हातोहात देऊन टाकायला तर मुळीच नाही.

तुमचे ‘बुर्दा’चे अंक. ते वेगळे काढा, त्यांना घाईनं हात लावू नका. १९५०पासून निघणारं जर्मन मासिक आहे ते, आणि त्याचा जीव मधल्या घडीच्या मोठ्या कागदात असतो. दोन्ही बाजूंनी छापलेला, रेघांवर रेघा, बघणाऱ्याला वाटतं रेल्वेचा नकाशा, भुसावळ जंक्शनचा. पण प्रत्येक कपड्याची रेघ वेगळ्या रंगाची किंवा वेगळ्या तुटकपणाची असते. एक रेघ धरून बटरपेपरवर उतरवली की अख्खा फ्रॉक सुटून बाहेर येतो. मजकूर जर्मनमध्ये असला तरी रेघेला भाषा लागत नाही. शिवणाऱ्या मुलीला हा खजिना आहे, पण देताना एक सांगून द्या. त्या नमुन्यात माया धरलेली नसते. रेघेवर कापलं तर कपडा अंगात जाणार नाही. शिलाईसाठी चारी बाजूंनी अर्धा-पाऊण इंच आपण वाढवायचा. आणि देण्याआधी अंकात तो घडीचा कागद आहे का ते तपासा. तो नसेल तर अंक म्हणजे नुसता चित्रांचा अल्बम.

विणकामाचे अंक देतानाही असंच एक-दोन ओळींचं ज्ञान सोबत द्यावं लागतं, नाहीतर नवी मुलगी गोंधळते आणि दोष स्वतःला देते. जुन्या अंकांतले सुयांचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे. नंबर वाढेल तशी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर म्हणजे जेमतेम पावणेतीन. आजची मुलगी ऑनलाइन सुया मागवते त्या मिलिमीटरच्या, तिथं आकडा वाढला की सुई जाड. तिनं ‘१० नंबर’ वाचून १० मिलिमीटरची सुई मागवली तर बाळाच्या टोपीऐवजी केळीच्या घडावर घालायची पिशवी तयार होईल. लोकर औंसात लिहिलेली असेल, एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. आणि इंग्रजी क्रोशाचं पान असेल तर तिथं आणखी एक गंमत आहे. ब्रिटिश ज्याला ‘डबल क्रोशे’ म्हणतात त्याला अमेरिकन ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात. एकाच नावाचे दोन वेगळे टाके. मुलगी मोबाइलवर अमेरिकन बाईचं बघून शिकली आणि हातात तुमचा ब्रिटिश अंक आला, तर रुमालाची लेस दुप्पट उंच होणार. अंकाच्या पहिल्या पानावर हे पेन्सिलीनं लिहून टाकलंत तरी पुरे. तुमच्या अक्षरातली ती ओळ छापील कृतीइतकीच कामाची.

आता द्यायचे कुणाला, हा खरा प्रश्न. इथं माझी चूक ऐका.

माळा रिकामा करताना मी चाळीस अंक नीट सुतळीनं बांधले, वर विषयांची यादी लावली आणि एका गावातल्या वाचनालयाला नेऊन दिले. त्यांनी आनंदानं घेतले, पावती दिली, फोटोही काढला. चार महिन्यांनी त्याच गावच्या बाजारात गेले तर एका गाडीवर शेव-मुरमुऱ्याचा पुडा हातात आला आणि पुड्यावर माझ्या अक्षरात ‘मागचा भाग, ९२ टाके’. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याकडे जागा नाही, विणकामाचा अंक मागायला कुणी येत नाही, आणि आलेली भेट नाही म्हणायचा संकोच. चूक माझी. मी कागद जागेला दिला, हाताला दिला नाही. (आणि पुड्याबद्दल जाता जाता. छापील कागदात खायचं बांधायला २०१८च्या अन्नसुरक्षा नियमांत चक्क बंदी आहे, छपाईची शाई तेलकट पदार्थात उतरते म्हणून. तेव्हा उरलेल्या पानांच्या पुड्या करून भजी-शेव वाढायचा विचार घरातही नको.)

म्हणून आता मी गठ्ठा देत नाही, निवडायला देते. आमच्या बाजारात एक मुलगी ब्लाउजवर आरीकाम करते, म्हणजे आकड्याच्या सुईनं भरतकाम. लग्नसराईत तिला मान वर करायला फुरसत नसते. तिच्यापुढे मी सतरा अंक ठेवले. तिनं दहा मिनिटांत सगळे चाळले, वाचलं एक अक्षर नाही, नुसती चित्रं बघितली, बोटानं मोर, वेल, कोयरी अशी रेघ काढत गेली. तीन ठेवले. बाकीचे माझ्याकडे सरकवून म्हणाली, “बाकीना कोनले तरी द्या, मावशी.” मला आधी जरा लागलं. मग वाटलं, ते तीन तरी नक्की वापरले जाणार.

तिला अंकांपेक्षा जास्त आनंद कशाचा झाला माहीत आहे? एका अंकात घडी करून ठेवलेल्या माझ्या जुन्या खाक्यांचा. तुमच्याकडेही असतील, पेट्यांत नीट शोधा. बटरपेपरवर नक्षी काढून सुईनं भोकं पाडलेले ते कागद, ज्यावरून आपण रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापडाच्या बोळ्यानं फिरवायचो आणि खाली पोलक्यावर ठिपक्यांची वेल उमटायची. एक खाका शंभर वेळा चालतो. आजही आरीकामवाल्या बायका याच पद्धतीनं काम करतात, आणि नक्षीचे पैसे वेगळे मोजतात. तुमचे खाके अंकांपासून वेगळे काढा, एका पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळा, आणि ते कुणाला फुकट देताना निदान तिला सांगा की हे मी स्वतः भोकं पाडून केलेत.

तुम्हाला मुहूर्तही सुचवते. आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, दीड-दोन महिन्यांवर आलीय. गावातल्या लेकी माहेरी येतील, झोके बांधले जातील. त्यातल्या निम्म्या पोरी आज कुठं ना कुठं पिको-फॉल करतात, ब्लाउज शिवतात, कुणी नाशिकला बुटिक काढलंय, कुणी सुरतेला साड्यांना लेस लावते. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत सतरंजी टाका, अंक पसरून ठेवा, सांजोऱ्या करा आणि गल्लीतल्या लेकींना हाक मारा. तुम्ही शेजारी नुसत्या बसा. ‘हे घे, हे छान आहे’ असं एकदाही म्हणू नका, भिडेखातर घेतलेला अंक तिच्या घरी तुमच्या पेटीसारखाच पडून राहतो. ज्या पानावर ती थांबेल, तिथं मात्र बोला. तो टाका कसा घालायचा ते दाखवा. डोळ्यांना झेपत नाही म्हणता, पण सुई धरून दाखवायला फार डोळे लागत नाहीत, हाताला आठवतं. सोबत क्रोशाच्या जास्तीच्या सुया, उरलेल्या लोकरीचे गुंडे, भरतकामाच्या अँकर दोऱ्याच्या अर्ध्या लडी ठेवा. नुसता कागद नेणारी विसरते, अंकासोबत सुई नेणारी रात्री करून बघते.

सासूबाईंनाही त्या सतरंजीवर बसवा. त्या रद्दी म्हणतात खऱ्या, पण ८८ वर्षांची बाई पोरींच्या घोळक्यात गप्प बसणार नाही. गोधडीचे टाके कुठल्या मासिकात छापले नव्हते, ते त्यांच्याकडेच आहेत.

लेकी नेऊन जे उरेल त्यासाठी दोन-तीन दारं आहेत. बचत गटांत शिवण-विणकाम करणारे गट असतात, तुमच्या गावच्या गटाच्या अध्यक्षबाईंना विचारा. विचारा म्हणजे आधी विचारा, गठ्ठा नंतर. सरकारी आयटीआयमध्ये शिवणाचा एक वर्षाचा ट्रेड असतो, आता त्याला ‘सुईंग टेक्नॉलॉजी’ म्हणतात. तिथल्या निदेशकांना जुन्या ड्राफ्टिंगची पानं आवडतात, कारण १९८२चा फुग्याच्या बाहीचा ड्राफ्ट आजही तसाच उतरतो, आणि फुग्याच्या बाह्या परत आल्यातच. रंगीत पण निरुपयोगी पानं अंगणवाडीला चिकटकामासाठी द्या. पोरं फाडतील, चिकटवतील, खूश होतील. त्या पानांचं यापेक्षा चांगलं काही होणार नाही.

मोठ्या संस्थांचं काय, असंही मनात येईल. आपल्याकडे धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७पासूनचं. पण तिथं पोथ्या, दस्तऐवज, इतिहासाची साधनं जपतात. त्यांच्या दारात १९९४चा क्रोशा विशेषांक घेऊन उभं राहू नका, ते बिचारे सभ्यपणानं पाणी विचारतील. मात्र पेटीच्या तळाशी तुमच्या सासूबाईंच्या किंवा त्यांच्याही आधीच्या काळातलं काही निघालं, तर गोष्ट वेगळी. किर्लोस्करांचं ‘स्त्री’ मासिक १९३०ला सुरू झालं. चाळीस-पन्नासच्या दशकांतला असा एखादा अंक, अगदी मुखपृष्ठ गेलेला असला तरी, रद्दीत घालू नका. त्यातल्या लोकरीच्या, शिलाई यंत्राच्या जाहिराती आणि किमतीसुद्धा अभ्यासाच्या असतात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८पासूनचं आहे, आणि बायकांच्या आयुष्याचे कागद, छायाचित्रं, आवाज जपणारी ‘स्पॅरो’ ही संस्थाही मुंबईतच, १९८८पासूनची. अंकाच्या मुखपृष्ठाचा आणि अनुक्रमणिकेचा फोटो पाठवून विचारा, हवा असेल तर कळवतील. पार्सल थेट पाठवू नका.

विकायचं म्हणाल तर ‘बुर्दा’ला ऑनलाइन गिऱ्हाईक मिळू शकतं. बाकीच्यांचा टपालखर्चच किमतीला खाऊन टाकतो. मी त्या भानगडीत पडले नाही.

आणि ते ‘टाकाऊतून टिकाऊ’. तुम्हाला कुणीतरी सुचवणारच, पानांची फुलं करा, कागदी मण्यांच्या माळा करा, फुलदाणी करा. मी हे शाळेत तीस वर्षं शिकवलं, म्हणून सांगायचा मला हक्क आहे. त्यातून टिकाऊ काही होत नाही. टाकाऊची एक पेटी जाते आणि धूळ खाणाऱ्या वस्तूंची दुसरी तयार होते. अपवाद एकच, आहेराची पाकिटं. गुळगुळीत रंगीत पानांची पाकिटं छान होतात, आणि लग्नसराईत पंचवीस-तीस सहज खपतात. सासूबाईंच्या हाताला कामही होईल. तेवढी करा आणि थांबा.

यानंतर जे उरेल ते रद्दीचं. खुशाल द्या. प्लास्टिकचा पातळ पापुद्रा लावलेली मुखपृष्ठं काढून वेगळी ठेवा. गुळगुळीत मासिकाला वर्तमानपत्राइतका भाव मिळत नाही, त्यावरून रद्दीवाल्याशी हुज्जत घालू नका. चहा मात्र पाजा, मागच्या खेपेला त्याची फेरी फुकट गेलीय.

‘नंतर बघू’ म्हणून पेट्या गावच्या घरात किंवा भावकीत कुणाच्या माळ्यावर ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. माझे साठेक अंक असेच एका पावसाळ्यात पत्र्याच्या गळतीखाली सापडले. चकचकीत कागदावर चिनी मातीचा लेप असतो. तो ओला होऊन वाळला की पानं एकमेकांना अशी धरतात की सुरी घातली तरी सुटत नाहीत. मला शेवटी साठ विटा मिळाल्या. त्यातल्या एकीच्या कडेला लाल लोकरीचा दोरा बाहेर आलेला दिसत होता. कुठल्या पानाची खूण ती, हे कळायला मार्ग नव्हता.

पेट्या मात्र देऊ नका. पत्र्याची जुनी पेटी आता तशी मिळत नाही. घासून, उन्हात वाळवून एक जळगावला न्या, फ्लॅटमध्ये दिवाणाखाली बसते. बिबडे-पापड ठेवायला त्याहून चांगलं काही नाही.

आता शेवटचं, जे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंत. तुमची लेसची नक्षी छापलेला १९८६चा अंक. आधी तो शोधा, बाकी सगळं त्याच्यानंतर. तिन्ही पेट्या उपसाव्या लागल्या तरी चालेल. तो अंक कण्यावर उभा धरून बघायची गरज नाही, तो कुठं उघडेल ते मला इथून सांगता येतं. त्याचं पान सोडवू नका, तो अख्खा ठेवा. मुलाला दाखवा, त्याला बहुधा माहीतच नसेल. सुनेला दाखवा. आणि पानाचा फोटो काढून मलाही पाठवा, लेस मी करून बघेन. उरलेली कृती मागच्या एखाद्या पानावर गेली असेल, तर त्या पानाचाही.